बर्फात टिकणारी बॅटरी आपल्या पावसाळ्यात का बसते?

हर्णै असो की देवगड, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढून शाकारल्या जातात. इथे स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर हेच काम ऑक्टोबरात होतं. बोटी पाण्यात परत जायला एप्रिल-मे उजाडतो. इतके महिने गारठ्यात पडलेल्या बॅटरीवर इथे इंजिन सहज सुरू होतं. गावाकडे मात्र नारळी पौर्णिमेच्या सुमारास सेल्फ मारला की नुसता ‘टक’ आवाज.

पडून असलेली बॅटरी आपोआप उतरते, आणि ढोबळ मानाने दर १० अंशांमागे हा वेग दुप्पट होतो. आपला जुलै २७-२८ अंशांचा. म्हणजे आपले दोन महिने तिला इथल्या अख्ख्या हिवाळ्याइतके जड जातात. उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात. मग कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही. थंडीचा धोका रिकाम्या बॅटरीलाच: तिच्यातलं पाणी उणे १० च्या आसपास गोठून डबा फुटू शकतो. पूर्ण चार्ज असेल तर उणे ५० लाही गोठत नाही. म्हणून इथे बोट उचलण्याआधी बॅटरी पूर्ण भरतात. ही सवय आपल्याकडे यावी असं मला फार वाटतं.

वायर सोडताना आधी निगेटिव्ह काढा, म्हणजे पाना इंजिनाला टेकला तरी ठिणगी उडणार नाही. नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही. पाणी उपसायचा ऑटोमॅटिक पंप बहुधा थेट बॅटरीवर जोडलेला असतो. टर्मिनलवरची हिरवी-पांढरी बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पण ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. वाळल्यावर व्हॅसलिन लावा. खारी हवा आहे आपली, हे टाळू नका.

बॅटरी घरी पडवीत ठेवा. सिमेंटच्या लादीवर ठेवल्याने ती उतरते, ही भीती जुन्या रबरी डब्यांच्या काळातली. चार्जिंग मात्र चूल किंवा देवघरातल्या दिव्यापासून लांब, उघड्या हवेत. त्यातून हायड्रोजन निघतो. पाणी डिस्टिल्डच, विहिरीचं नाही, आणि प्लेटा उघड्या पडल्या नसतील तर चार्जिंग झाल्यावरच घाला.

महिन्यातून एकदा मीटर लावा. १२.४ व्होल्टच्या खाली गेली की चार्जरवर टाका. चार्जर काढल्या काढल्या दिसणारा आकडा फसवा असतो. काही तास थांबून १२.६ च्या वर दिसला, तरच ती भरली म्हणायची.