संकल्प, खाडे आणि दादर ते अंधेरी

बर्लिनमध्ये राहायला लागल्यापासून दर जानेवारीत आम्ही घराच्या वर्षभराच्या उद्दिष्टांबद्दल बोलत असू, पण ती प्रथम कागदावर उतरली दोन वर्षांपूर्वी, लेक पाच वर्षांची आणि धाकटा तीन वर्षांचा असताना. त्या कागदावर चौदा उद्दिष्टे होती. मी जर्मनची सी-वन या प्रगत पातळीची परीक्षा द्यायची, नवऱ्याने रविवारी कार्यालयाचे काम काढायचे नाही, मुलीने देवनागरी वाचायला आणि पियानो वाजवायला शिकायचे, जूनपर्यंत तिला पोहण्याचा पहिला बिल्ला मिळवून द्यायचा, आणि असेच बरेच काही. मार्च संपेपर्यंत त्या कागदाकडे कोणी पाहीनासे झाले.

त्यातले पोहणे मला आजही आठवते. जर्मनीत लहान मुलांच्या पहिल्या बिल्ल्याला 'झेपफेर्डशन' म्हणजे समुद्रघोडा म्हणतात. तो मिळवण्यासाठी काठावरून उडी मारून 25 मीटर पोहावे लागते आणि खांद्याइतक्या खोल पाण्यातून तळाशी टाकलेली वस्तू हाताने वर आणावी लागते. ओळखीच्या घरांतल्या बऱ्याच मुलांकडे तो होता, म्हणून आम्ही जूनची मुदत घातली, आणि मे महिन्यात लेक तलावाच्या काठावर उभी राहून रडली. बर्लिनच्या शाळांत तिसरीच्या वर्गाला पोहणे शिकवतातच, त्यामुळे घाईचे काही कारण नव्हते. ते उद्दिष्ट तिचे नव्हतेच, आमचे होते, हे मला त्या दिवशी कळले.

पुढचा धडा दादरला मिळाला. त्या डिसेंबरात आम्ही सुट्टीसाठी माहेरी गेलो होतो आणि मार्गशीर्षातली सत्यनारायणाची पूजा घरी होती. गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली, तेव्हा लेकीने विचारले, की ते एवढे लांबलचक काय म्हणत आहेत. बाबांनी पूजा झाल्यावर तिला जवळ बसवून समजावले, की संकल्प करताना आधी आपण कोठे आहोत ते सांगायचे, गोदावरीच्या कोणत्या तीरावर आहोत तेही सांगायचे. मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार आणि नक्षत्र सांगायचे. मग स्वतःचे गोत्र आणि नाव. आणि काय करणार आहोत ते सगळ्यांत शेवटी. त्यानंतर हातावरून ताम्हनात पळीभर पाणी सोडायचे. लहानपणापासून मी हे ऐकत आले आहे, पण आमच्या त्या चौदा ओळींत स्थळ नव्हते, काळ नव्हता आणि कोणी करायचे हेही निम्म्या ठिकाणी नव्हते, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवले. शिवाय मराठीत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे म्हणजे तिचा हक्क सोडणे. आम्ही मात्र चौदांपैकी एकाही गोष्टीसाठी दुसरे काही सोडले नव्हते.

म्हणून त्या वर्षअखेरीस दादरच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती बसून आम्ही आधी पाणी कशावर सोडायचे ते ठरवले. माझी परीक्षा एक वर्ष पुढे गेली आणि गुरुवारचा पियानोचा वर्ग बंद झाला. मला ते सोपे गेले नाही, कारण परीक्षेसाठी मी आधीच पुस्तके आणून ठेवली होती. उरली तीन उद्दिष्टे: विमानाच्या तिकिटांसाठी दरमहा 250 युरो बाजूला काढणे, रविवार घरासाठी राखणे आणि मुलीचे मराठी वाचन. पहिल्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दोन वर्षांवरील प्रत्येक मुलाला स्वतंत्र आसन घ्यावे लागते, त्यामुळे ही रक्कम महिन्याच्या सुरुवातीलाच वेगळी ठेवावी, एवढेच. दुसरे जर्मनीत जमण्यासारखे आहे, कारण रविवारी दुकाने बंद असतात आणि सगळे शहरच विसावते.

तिसऱ्याला मात्र आम्ही स्थळ आणि काळ दिला. 'मराठी वाचता येणे' ही सहा वर्षांच्या मुलीला दिसणारी गोष्ट नव्हे. तिला लोकलच्या खिडकीत बसायला आवडते, म्हणून आम्ही ठरवले, की पुढच्या डिसेंबरात दादरहून अंधेरीच्या धिम्या गाडीत बसायचे आणि प्रत्येक स्थानकाचे नाव फलाटावरच्या पाटीवरून तिने स्वतः वाचायचे. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार रोड, सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी. सात नावे आणि हाताशी अकरा महिने.

लहान मुलाला वर्ष कळत नाही, महिना थोडासा कळतो आणि आजचा दिवस पुरता कळतो. म्हणून वर्षाचे उद्दिष्ट महिन्यांत आणि महिन्याचे रोजच्या दहा मिनिटांत उतरवावे लागते. तिला तेव्हा फक्त स्वर येत होते. माटुंग्यासाठी म, ट, ग, उकार आणि अनुस्वार लागला, आणि त्यात फेब्रुवारी संपला. माहीम मार्चमध्ये झाले. वांद्र्याने 'द्र'पायी दोन महिने घेतले आणि त्या काळात तिचा उत्साह मावळला होता. त्यानंतर आलेले खार रोड, 'रोड' आधीच येत असल्याने, एका आठवड्यात हाती आले आणि तिचा चेहरा उजळला. अवघड नावामागे सोपे नाव येणे हा योगायोग होता, पण आता महिने आखताना आम्ही ते जाणूनबुजून तसे लावतो.

आई दूधवाल्याचा आणि पेपरवाल्याचा हिशेब पूर्वीपासून कालनिर्णयाच्या चौकटींत मांडते, आणि ज्या दिवशी दूध आले नाही त्या दिवशी खाडा लिहिते. आम्ही बर्लिनला परत निघताना तिने आम्हाला एक कालनिर्णय दिले आणि स्वतःच्याही कालनिर्णयावर नातीचे वाचन लिहायला घेतले. दर रविवारी आमच्या सकाळी दहाला, म्हणजे दादरला हिवाळ्यात अडीच आणि उन्हाळ्यात दीड वाजता, दोघी फोनवर चौकटी ताडून पाहत.

"आजी, या आठवड्यात माझे तीन खाडे झाले."

"बरं, तीन लिहिते. कुठल्या वारचे ते सांग."

आईने कधी "का झाले?" असे विचारले नाही. खाडा हिशेबात लिहायचा असतो, त्यासाठी कोणाला बोल लावायचा नसतो, हे तिच्याकडून मी शिकले. खाडे महिन्याला दहाच्या वर गेले, की उद्दिष्ट मोठे झाले असे समजून आम्ही ते लहान करतो. धाकट्याच्या बाबतीत तर वर्षाची भाषाच ठेवली नाही. हिवाळ्याच्या कपड्यांची चेन स्वतः लावणे हा त्याचा एक महिना आणि बूट योग्य पायात घालणे हा दुसरा. लेकीच्या पोहण्याचेही असेच केले. आधी एक महिना फक्त तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढायचे, त्यापुढे काही मागायचे नाही. बिल्ला ऑक्टोबरात मिळाला, आणि त्याची तारीख कोठेही लिहून ठेवलेली नव्हती.

गेल्या महिन्यात, रविवारी दुपारी गर्दी कमी असताना, आम्ही दादरहून गाडीत बसलो. आई शेजारी होती. माहीम लेकीने गाडीतल्या घोषणेआधीच वाचले. सांताक्रूझला 'क्रू'पाशी ती अडखळली, गाडी सुटली तशी मान वळवून पुढच्या पाटीवर तिने तो शब्द पूर्ण केला. विलेपार्ल्याचा रफार तिने बोटाने हवेत काढून दाखवला. अंधेरीला उतरून आम्ही चहा घेतला आणि परत फिरलो.

घरी आल्यावर तिने नव्या कालनिर्णयाची पाने उलटून चर्चगेटकडची नावे स्वतः लिहायला घेतली. जानेवारीत प्रभादेवी, फेब्रुवारीत लोअर परळ. आणि महालक्ष्मीतल्या 'क्ष्म'साठी तिने आजीकडून मार्च आणि एप्रिल असे दोन महिने मागून घेतले.