पण

वलगावपर्यंत मला काही झालं नाही. सोमवारी दुपार कलल्यावर अमरावतीहून निघालो, आम्ही अकरा जण आणि सामान-पाण्याचा एक ऑटो. पेढी नदीच्या पुलावर मावशींनी हात जोडले. गाडगेबाबा १९५६ च्या डिसेंबरात इथंच गेले. वलगावच्या मुक्कामातले फक्त डास आठवतात.

जायचं होतं मरियमपूरला, चिखलदऱ्याजवळ. परतवाड्यापर्यंत सुमारे ५० किलोमीटर सपाट रस्ता, मग घाट. ईस्टरआधीच्या उपवासकाळात पायी जाऊ, ही कल्पना फादरांची, वेळापत्रक माझं. वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलेली बाई मी. प्रत्येकाला एक कागद दिला होता. तीन रंगांत. पाणी कुठे, जपमाळ कुठे, विश्रांती किती मिनिटं, सगळं. फादरांनी घडी घालून खिशात ठेवला आणि पुन्हा कधी काढला नाही.

आता खरं कारण. पोरानं दिवाळीत पुण्याची नोकरी सोडली आणि म्हणाला, चांदूर बाजारकडच्या चार एकरांत संत्रा लावतो. त्याच चार एकरांत त्याच्या बापाची बाग वाळली होती. झाडं सरपणाच्या भावानं गेली, आणि सोसायटीचं कर्ज माझ्या पगारातून नऊ वर्षं कटलं. तेव्हापासून रोज रात्री माझी प्रार्थना एकच: प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, पण याला तेवढं पुण्याला परत पाठव. फादरांना सांगितलं तर म्हणाले, आठवडाभर ‘पण’ न लावता करून बघा. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी पोरगा बोअरवाल्याशी बोलताना ऐकला.

मंगळवारी आसेगावला पूर्णा ओलांडली. ऊन मार्चचं, पण आपल्याकडच्या मार्चचं. डाव्या टाचेला दोन तासांपासून काहीतरी चावत होतं. कागदावर तीनपर्यंत थांबा नव्हता, म्हणून थांबले नाही. पुढे मावशी बेसूर गात होत्या, सिस्टर हसतमुख चालत होत्या. त्या वेळी मला त्या दोघींचाही मनापासून राग आला. पाण्याचा ऑटो तर केव्हाच पुढे निघून गेला होता. शेवटी एका बागेच्या धुऱ्यावर, निंबाखाली, बसले. बूट काढला तर मोजा टाचेला चिकटलेला.

बागेतून एक म्हातारी आली. नऊवारी वर खोचलेली, हातात विळा.

“कुठी चालली व माय? शेगाव तं तिकडं रायलं.”

“मरियमपूरले.”

“थे कोन्ता देव?”

“मरियममाय.”

“असन.” तिनं विळा खाली ठेवला. “मंग पाय कायले झाकतं? दाखव.”

मी घड्याळ पाहिलं. सवयच ती.

“घडी पाह्यल्यानं फोड बसते काय?”

झोपडीतून तिनं सुई आणली, पांढरा दोरा आणला, हळदीची पुडी आणली. दोरा हळदीत माखला. सुई काडीच्या जाळावर धरली. माझी टाच तिच्या मांडीवर, लुगड्याच्या काठावर. एवढ्या वर्षांत माझा पाय कुणी मांडीवर घेतला नव्हता. मी संकोचून ओढून घ्यायला लागले तर तिनं घोटा घट्ट धरला. जपमाळेत मंगळवार म्हणजे दुःखाची रहस्ये, प्रभूच्या यातनांचे प्रसंग. पहिलं, गेथशेमानेच्या बागेतल्या त्याच्या प्रार्थनेचं. मी डोळे मिटून तेच सुरू केलं, सुईची भीती वाटत होती म्हणून. माझ्या इच्छेप्रमाणे नको, इथपर्यंत आले आणि सुई आरपार गेली. पुढचे शब्द राहिले. तोंडातून “आई गं” निघालं.

“झालं. दोरा काढू नको. पानी निंगन आपोआप.” फोडाच्या दोन्ही बाजूंना पिवळं टोक ठेवून तिनं दोरा दातानं तोडला. “मी पंढरपूरले सात खेप पायी गेली. सातही खेप हेच.”

मग पाणी प्यायला दिलं. पोरबाळ काय, विचारलं. मी सगळं सांगितलं, नोकरीपासून बोअरपर्यंत. ती चुकचुकेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “जमीन कशी हाय? लय भारी असन तं पानी धरते, मुया सडते.”

“माहीत नाही.”

“कलम जंबेरीवरचं घेते का रंगपूरवरचं?”

कलमाचा खुंट कोणता, तेही माहीत नव्हतं. पोरानं सांगितलं असणार. तेव्हा मी त्याच्या पुण्याच्या पगारातून घराचा हप्ता वजा करत असेन. मला म्हातारीचा राग आला. मी दुःख सांगत होते, ती जमीन विचारत होती. तिनं उठून जवळचं झाड दाखवलं. खोडावर बोर्डोपेस्टचा निळसर पांढरा पट्टा, वर फुटलेला डिंक. खाली आंबिया बहाराची वाटाण्याएवढी फळं गळून पडली होती. “हे जाईन औंदा,” ती म्हणाली, आणि त्याच झाडाच्या आळ्यातलं गवत काढायला बसली.

जे झाड जाणार, त्याचं आळं. मी विचारलं नाही. लंगडत निघाले.

परतवाडा आलं, गेलं. रात्री फादरांनी बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय वाचला. आज-उद्या अमुक गावी जाऊ, तिथं वर्षभर राहू, व्यापार करू म्हणणाऱ्यांनो, तुम्ही तर वाफ आहात. माझ्याकडे बघून वाचलं असं मला वाटलं. झोप लागली नाही. शुक्रवारी घाटात क्रुसाची वाट केली, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या वाटेवरचे प्रसंग आठवत प्रार्थना, वळणावळणाला एक स्थान. सातव्याला, प्रभू दुसऱ्यांदा पडतो तिथं, माकडानं मावशींची केळी पळवली आणि सिस्टरसुद्धा मोठ्यानं हसल्या. मीही हसले. नवव्याला का रडू आलं कोण जाणे.

मरियमपूरला गार वारा होता. मिस्सेत “हे आमच्या स्वर्गातील पित्या” म्हणताना मी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ या ओळीवर आले आणि ‘पण’ आलाच, जिभेच्या टोकावर. गिळला. ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर येईपर्यंत पुन्हा वर आला.

परतीला एसटी. दोरा टाचेत तसाच, आता मातकट झालेला. आसेगावच्या अलीकडे मी खिडकीला नाक लावून निंब शोधला. निंब पुष्कळ, बागा पुष्कळ, गाडी वेगात. ओळी सरकत होत्या. सहा बाय सहा मीटरवर लागवड, म्हणजे एकरी ११० झाडं. चार एकर, ४४०. विहिरीकडचा कोपरा चिबड आहे, पाणी धरतो, तिथं नको लावायला. वीस झाडं कमी धरू. रंगपूर की जंबेरी ते घरी गेल्यावर विचारते.

मावशींनी कोपरानं ढोसलं. “बाई, जपमाळ सुरू झाली.”

“हो हो,” म्हटलं, “वीस कमी.”

“काय वीस?”