सात कसोट्या आणि २६ आठवड्यांची रजा

बाईला न्याय द्यायचा म्हणजे तिला पुरुषासारखंच वागवायचं, की तिचं वेगळेपण ओळखून त्याला मान द्यायचा? स्त्रीवादात हा वाद जुना आहे. नॅन्सी फ्रेझर या अमेरिकी विचारवंत बाईंनी १९९४ साली ‘आफ्टर द फॅमिली वेज’ या निबंधात त्याचा पायाच हलवला. दोन्ही बाजू न्याय एकाच मापाने मोजतात आणि तिथेच फसतात, असं त्यांनी दाखवलं. एका मापाच्या जागी त्यांनी सात मापं ठेवली.

एखादी योजना हातात आली की हे सात प्रश्न विचारायचे. गरिबी टळते का? नवरा, मालक किंवा सरकारी अधिकारी यांच्या मर्जीवर जगण्याची वेळ टळते का? कमाईतली दरी कमी होते का? मोकळ्या वेळातली? दोघांना सारखा मान मिळतो का? बाई सार्वजनिक जीवनातून बाजूला तर पडत नाही ना? आणि सातवा, सगळ्यात अवघड: पुरुषाचं आयुष्य हाच नमुना धरून बाईला त्यात बसवलं जातंय का? यातल्या एका प्रश्नावर जरी योजना नापास झाली, तरी न्याय अपुराच राहतो. पैसे दिले म्हणून मानाची थकबाकी फिटत नाही, आणि गौरव केला म्हणून पगाराची.

या प्रश्नांवर फ्रेझर दोन आराखडे तपासतात. पहिल्यात बाईनेही पुरुषासारखं पूर्णवेळ कमवायचं आणि पाळणाघरं, वृद्धांची देखभाल या सोयी सरकारने पुरवायच्या. गरिबी आणि दुसऱ्याच्या मर्जीवर जगणं या दोन्ही प्रश्नांवर हा चांगला उतरतो. मोकळ्या वेळावर मात्र आपटतो, कारण सगळंच घरकाम बाहेर सोपवता येत नाही. आजारी मूल, शाळेतली बैठक, सणाची तयारी हे सगळं उरतंच आणि बाईच्याच वाट्याला येतं. पुरुषकेंद्री नमुना तर इथे जसाच्या तसा राहतो. दुसऱ्या आराखड्यात घरी सांभाळ करणाऱ्याला भत्ता, रजा आणि लवचीक तास मिळतात. त्यात सांभाळाच्या कामाची किंमत निदान मानली जाते. पण कमाईतली दरी तशीच राहते आणि बाई घराच्या चौकटीत आणखी रुतते. मला दुसऱ्या आराखड्याची जास्त काळजी वाटते, कारण तो दिसायला फार प्रेमळ आहे.

आपल्याकडे प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या सुधारणेने बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली, पहिल्या दोन मुलांसाठी. त्या महिन्यांत आई आणि बाळ या दोघांना आधार मिळतो, म्हणून पहिल्या प्रश्नावर ती उत्तीर्ण. पण रजेचा पगार मालकाच्या खिशातून जातो. त्यामुळे तरुण बाईला नोकरीवर घेणं मालकाला महाग वाटू लागतं आणि कमाईच्या प्रश्नावर गाडी अडते. बापासाठी या कायद्यात एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवस मिळतात, तेही वेगळ्या सेवानियमांतून. म्हणजे बाळ सांभाळणं हे आईचंच काम, यावर कायद्याचीच मोहोर उमटते.

मोकळ्या वेळाच्या प्रश्नासाठी २०१९ चं राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षण उपयोगी पडतं. बिनपगारी घरकामात तेव्हा बायकांची दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. इथे एक चूक नेहमी होते. हे आकडे फक्त ज्यांनी त्या दिवशी घरकाम केलं त्यांचे आहेत. असे पुरुष होते २६.१ टक्के, बायका ८१.२ टक्के. सगळे पुरुष रोज दीड तास घरात राबतात असं यातून मुळीच निघत नाही.

फ्रेझर यांचा स्वतःचा आराखडा तिसरा. कमाई आणि सांभाळ यांची बाई आज जी सांगड घालते, तीच सगळ्यांसाठी सर्वसाधारण व्हावी. मग प्रत्येक नोकरीची आखणी, घरी कुणीतरी सांभाळायचं आहे असं गृहीत धरूनच करावी लागेल; कामाचा आठवडाही छोटा होईल. हे आपोआप घडत नाही, हे स्वीडनकडे पाहून कळतं. १९७४ साली तिथे पालकरजा आई-बाप दोघांनाही खुली झाली, पण बापाला आपले दिवस आईला देता येत होते आणि बहुतेकांनी ते दिले. म्हणून १९९५ साली प्रत्येक पालकासाठी एक महिना राखीव केला: दुसऱ्याला देता येणार नाही, घेतला नाही तर बुडाला. २००२ मध्ये दुसरा महिना राखीव झाला, २०१६ मध्ये तिसरा. नियमातली ‘देता येणार नाही’ ही अट काढली की सगळी योजना दुसऱ्या आराखड्यात घसरते.

हे सात प्रश्न नोकरदार बाईपाशी थांबवता कामा नयेत. तिची नोकरी पुष्कळदा दुसऱ्या बाईच्या तासांवर उभी असते, आणि भांडी कुणी घासायची हे आपल्याकडे जातही ठरवते. बाळंतपणाच्या रजेचा कायदा दुकानं-आस्थापनांना लागतो तो दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तरच; चार घरची धुणीभांडी करणारी त्यात बसत नाही. महाराष्ट्राचा २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा नोंदणी आणि मदतीची सोय करतो, तिच्या कामाचे तास मात्र ठरवत नाही. दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे मालकाच्या मर्जीवर जगण्याच्या प्रश्नावर, ती आजही तिथेच आहे.