पू भरपूर, कल्चरमध्ये वाढ नाही

जळजळ आणि मूत्रमार्गातून पिवळा स्राव, अशी तक्रार असलेल्या तरुणाची लघवी आमच्या लॅबमध्ये कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला) आली होती. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा कोर्स घेऊनही त्याला आराम नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली पस सेल (पूमधल्या पांढऱ्या पेशी) खच्चून भरलेले. पण सीएलईडी आणि मॅकॉन्की या लघवीच्या कल्चरच्या नेहमीच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी काहीच नाही.

अशा वेळी नुसतं ‘वाढ नाही’ लिहून रिपोर्ट पाठवणं मला मुळीच पटत नाही. लघवीच्या संसर्गातले नेहमीचे जंतू, ई. कोलाय आणि क्लेबसिएला, या प्लेटवर सहज वाढतात. गोनोकोकस, म्हणजे गोनोरिया या लैंगिक आजाराचा जंतू, वाढत नाही. क्लॅमिडिया या दुसऱ्या लैंगिक संसर्गाच्या जंतूला तर जिवंत पेशीच लागते, कुठलंच अगार (प्लेटमधलं जंतूंचं खाद्य) चालत नाही. शिवाय नमुना मधल्या धारेचा होता. मूत्राशयाच्या संसर्गासाठी तोच योग्य, पण मूत्रमार्गातले जंतू पहिल्या धारेबरोबर निघून जातात.

डॉक्टरांशी बोलून त्याला परत बोलावलं. किमान तासभर लघवी न करता यायला सांगितलं. आधी मूत्रमार्गातून डेक्रॉन या कृत्रिम धाग्याचा स्वॅब (साध्या कापसातली मेदाम्लं गोनोकोकसला मारतात), मग पहिल्या धारेची 10 ते 20 मिली लघवी पीसीआरसाठी, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी. स्वॅब तिथल्या तिथे चॉकलेट अगार आणि थायर-मार्टिन या गोनोकोकस वाढवणाऱ्या प्लेटवर फिरवला. हा जंतू सुकला की मेला, आणि थंडीही त्याला सोसत नाही. म्हणून प्लेट फ्रिजमधून काढून आधीच खोलीच्या तापमानाला आणल्या होत्या.

ग्राम स्टेनमध्ये (जंतू रंगवून पाहण्याच्या पद्धतीत) न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या आतच जंतूंच्या गुलाबी जोड्या दिसल्या, घेवड्याचे दोन दाणे समोरासमोर ठेवावेत तशा. लक्षणं असलेल्या पुरुषात गोनोरियाच्या निदानाला एवढं पुरतं. डॉक्टरांना लगेच फोनवर कळवलं.

5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये 48 तासांनी बारीक करड्या वसाहती आल्या, जंतू ओळखण्याच्या ऑक्सिडेज चाचणीत पॉझिटिव्ह. सेन्सिटिव्हिटीसाठी (कोणतं औषध लागू पडेल ते पाहायला) पुन्हा चॉकलेट अगारवर घेतलेली 20 ते 24 तासांची ताजी वाढच वापरली, कारण जुन्या वसाहतीतले जंतू आपोआप फुटतात. जंतूंचं 0.5 मॅकफार्लंड इतक्या ठराविक गढूळपणाचं द्रावण, गोनोकोकससाठीचं जीसी अगार. सेन्सिटिव्हिटीसाठी नेहमी वापरतात ते साधं म्युलर-हिंटन अगार इथे कामाचं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या डिस्कला (औषधाच्या चकतीला) अगदी चिकटून वाढ, झोन, म्हणजे वाढ नसलेलं वर्तुळच नाही. सेफ्ट्रियाक्झोन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा झोन 38 मिमी. 35 किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह.

पीसीआरमध्ये क्लॅमिडियाही निघाला. त्यावर सेफ्ट्रियाक्झोन चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी त्या इंजेक्शनच्या जोडीला डॉक्सिसायक्लिन 100 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 7 दिवस दिलं आणि मागच्या 60 दिवसांतल्या जोडीदारांनाही तपासणीला बोलावलं.