ह्यो कुठला पावणा?

इंदापूर तालुक्यातल्या माळावर लांडग्यांच्या माहितीपटाचं काम चालू होतं. मी ध्वनिमुद्रक. दिग्दर्शकाने यादीच दिली होती: गुरगुर, हाडं फोडल्याचा आवाज आणि अंगावर काटा आणणारं ओरडणं. विषय काय, तर लांडग्याची बदनामी पुसायची! आपल्या भाषेनेही ‘लांडगेतोड’ त्याच्याच नावावर टाकलीये म्हणा.

आबांचा वाडा, म्हणजे धनगरांचं फिरतं बिऱ्हाड, एका शेतात बसला होता. शेजारी आमचा तंबू. दोनशेक मेंढरं, भोवती वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, चार कुत्री. पहाटे साडेतीनला कुत्री अंगात आल्यासारखी भुंकायला लागली. मी हेडफोन कानाशी दाबून धरले. मेंढरांची चेंगराचेंगरी, घुंगरं, आबांचं ‘हाऽऽड’, बस्स. उजाडल्यावर कळलं, वाघूर एका कोपऱ्यात ढिली पडली होती, तिथून कोकरू गेलं. मी ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. लांडगा त्यात कुठेच नाही. बरोबरच आहे, चोरी करताना कोण बोंबलतं?

‘त्याचाही वाटा असतो’ असं काहीतरी आबांनी बोलावं, ही दिग्दर्शकाची इच्छा. तसं म्हणणारे धनगर आहेतही. आबांनी मात्र कॅमेऱ्यासमोर लांडग्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. भरपाईचं विचारलं तर म्हणाले, “पंचनाम्याला मढं लागतं. त्यानं ठिवलंय व्हय?”

हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला. देशभरात उरलेत साधारण ३,०००. आणि तो राहतो तो माळ सरकारी कागदावर बहुधा ‘पडीक’.

“मग विष का नाही टाकत?” मी विचारून बसलो.

“माझी कुत्री मरत्याल आधी.” तंबाखू मळून झाल्यावर हळूच म्हणाले, “अन् मादी व्यालीया तिकडं वगळीत. कुनाला सांगू नगा.”

संध्याकाळी अर्ध्या किलोमीटरवरून दुर्बिणीतून पाहिलं. मादी आली तशी पिल्लं तिचं तोंड चाटायला लागली आणि तिने पोटातलं मांस त्यांच्यापुढे ओकलं. आबांचंच कोकरू असणार. माझा माइक तिथवर पोचत नव्हता.

माहितीपटात शेवटी कुठल्याशा परदेशी जंगलातलं ओरडणं घातलं. पुढच्या खेपेला मी ते मोबाइलवर आबांना ऐकवलं. त्यांनी फोन कानाला लावला, पुन्हा लावायला सांगितलं, आणि म्हणाले, “ह्यो कुठला पावणा?”