तुम्ही विचारलंत म्हणून : नवेगावबांधचा तलाव निसर्गाचा की माणसाचा?

नवेगावबांधला पहिल्यांदा आलेला माणूस पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, उभा राहतो, समोरचं पाणी बघतो आणि हमखास विचारतो : हा तलाव निसर्गानं केला की माणसानं? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, गाव आधीचं की तलाव? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पाणी दहा चौरस किलोमीटरहून जास्त पसरलेलं आहे, काठ वळणं घेत जंगलात शिरतो, आणि धरण म्हटलं की डोळ्यांपुढं येणारी लांबलचक भिंत इथं कुठंच दिसत नाही.

तलाव माणसानं बांधलेला आहे, तीनशे वर्षांपूर्वी, मातीनं. भिंत दिसत नाही यातच बांधणाऱ्यांचं सगळं शहाणपण आहे.

गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगाव तालुक्यात आहे. 1 मे 1999 ला जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख भंडाऱ्यात मोडायचा, म्हणून जुन्या कागदांत हे गाव शोधायचं तर भंडारा जिल्ह्यात शोधावं. मुंबई-कोलकाता महामार्गावर कोहमारा लागतं, तिथून दक्षिणेला वळायचं. विदर्भात नवेगावं पुष्कळ. ओळख पटावी म्हणून या गावाला ‘बांध’ चिकटला. शेजारच्या सिरेगावबांध, शिवनीबांध या नावांतला बांधही हाच. आमच्या भागात गावांची नावं तलावांवरून अशी ओळखली जातात, यावरूनच मुलखाचा स्वभाव कळतो.

त्या स्वभावाचं मूळ जमिनीखाली आहे. पश्चिम महाराष्ट्रातला काळा कातळ इथवर पोचत नाही. इथं नीस आणि क्वार्टझाईटसारखे फार जुने, कठीण खडक आहेत. फटी असतील तेवढंच पाणी ते धरतात. पावसाचं म्हणाल तर वर्षाला सरासरी 1300 मिलिमीटरच्या आसपास पडतो, पण जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पडलेलं पाणी खडकात मुरत नाही, उतारानं वैनगंगेकडं निघून जातं. आणि पीक कोणतं, तर धान, ज्याला पाय पाण्यात ठेवूनच उभं राहायचं असतं. भरपूर पाऊस आणि कोरड्या विहिरी असा हा जोड आहे. त्यावर एकच उपाय होता, वाहतं पाणी वाटेतच अडवणं.

हा उपाय कोहळी समाजानं हातात घेतला. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजानं काशीच्या यात्रेहून परतताना या लोकांना सोबत आणलं, अशी त्यांची परंपरा सांगते. तलाव बांधील त्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन, असा त्या राज्याचा नियम असल्याचंही सांगतात. या नियमाचा परिणाम समजून घ्यायला हवा. किती खर्च केला यावर काही मिळत नव्हतं, किती जमीन भिजली यावर मिळत होतं. त्यामुळं कमीत कमी माती टाकून जास्तीत जास्त पाणी धरणारी जागा शोधणारा माणूस मोठा झाला. कोलू पाटील कोहळी हा असाच माणूस. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं हा तलाव बांधला.

तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना सातबहिणी म्हणतात. दिवसभर पाळीवर खपून माणसं घरी गेली की रात्री या बहिणी काम पुढं न्यायच्या, अशी कथा आहे. कोलू पाटलाचा पुढं कोलासूर देव झाला. बाहेरची माणसं या कथेला भाबडी म्हणून सोडून देतात. आम्हाला ती भूगोलाच्या पुस्तकाइतकी नेमकी वाटते. तलावाची बहुतेक भिंत खरोखरच या टेकड्यांची आहे. माणसांनी फक्त टेकड्यांमधल्या खिंडी बुजवल्या. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरनं तलावाचा घेर 17 मैल नोंदवला आहे, आणि माणसानं घातलेली पाळ सगळी मिळून एक किलोमीटरही भरत नाही. उरलेलं काम बहिणींचंच.

तेव्हा गाव आधी की तलाव, याचं उत्तर असं : वस्तीला नवं गाव म्हणतात कारण शेती नवी फुटली, आणि शेती फुटली कारण पाळ पडली. गाव तलावाकाठी वसलेलं नाही, ते पाळीच्या पोटाशी, तलावाच्या जिवावर वसलेलं आहे.

आता तलाव चालतो कसा ते पाहू. याचे मुख्य अवयव तीन : पाळ, तुडूम आणि सलंग. पाळ म्हणजे मातीचा बंधारा. तुडूम म्हणजे पाणी सोडण्याची मोरी. जुन्या तुडुमाला एकाखाली एक भोकं असत आणि त्यांत लाकडी खुंट्या बसवलेल्या असत. तलाव भरलेला असताना सर्वांत वरची खुंटी काढायची, पाणी उतरेल तशी खालची. खालची खुंटी आधी काढली तर सगळ्या पाण्याचा दाब एका भोकावर येतो, आतला मार्ग खरवडून निघतो, शिवाय गाळ पाटात येतो. सलंग म्हणजे जादा पाणी निघून जाण्याची वाट. ती पाळीत कापत नाहीत. पाळीच्या टोकाला, जिथं टेकडीचा खडक किंवा घट्ट मुरूम असतो, तिथं ठेवतात. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागलं की ती काही तासांत कापली जाते. तलाव फुटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

म्हणून सलंगावर दगड किंवा वाळूची पोती रचून पातळी हातभर वाढवण्याचा मोह फार महाग पडतो. भर पावसाळ्यात वारं सुटलं की एवढ्या मोठ्या पाण्यावर लाटा उठतात आणि थेट पाळीच्या माथ्याला लागतात. पाळीचा माथा आणि सलंग यांतलं अंतर या लाटांसाठीच सोडलेलं असतं. ते वाया गेलेलं नसतं.

दुसरा धोका पाझराचा. पाळीच्या बाहेरच्या अंगाला थोडं पाणी झिरपतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बघायचं ते पाण्याच्या रंगाकडं. झिरप स्वच्छ असेल तर ठीक. गढूळ असेल तर पाणी आतली माती सोबत घेऊन येत आहे आणि पाळीत बीळ तयार होत आहे. अशा वेळी बाहेरून चिखल थापून तोंड बंद करणं ही नेहमीची चूक. पाणी थांबत नाही, दुसरीकडून फुटतं. तिथं आधी जाड वाळू, तिच्यावर गिट्टी, तिच्यावर दगड असा थर द्यायचा. पाणी बाहेर यावं, माती आतच राहावी. झिरपेची सुरुवात बहुधा तुडुमाच्या कडेनं होते. उन्हाळ्यात माती आकसते, दगडकाम आकसत नाही, दोहोंमध्ये फट पडते आणि पहिल्या पावसाचं पाणी तीच वाट धरतं. जूनच्या आधी ही फट ओली माती ठासून भरून घेणं हे गावाचं वर्षाचं काम. पाळीवर वाढलेलं मोठं झाडही तसंच. उभं असताना ते माती धरतं, पण वाळल्यावर मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या उरतात.

पाणी धानाला लागतं केव्हा, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. जूनमध्ये पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकतात, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची रोवणी होते. त्या दिवसांत पाऊस साथ देतोच. तलावाची खरी गरज सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरमध्ये, धान पोटरीत असताना पाऊस उघडला तर. तेव्हा दहा सेंटिमीटरचं एक पाणी मिळालं तर पीक हाती येतं, नाही तर लोंब्या पोचट निघतात. हिशेब करून बघा. एक हेक्टर बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेताला, दहा सेंटिमीटर म्हणजे 1000 घनमीटर पाणी. दहा चौरस किलोमीटरच्या तलावाची पातळी एक सेंटिमीटर उतरली की एक लाख घनमीटर निघतं, म्हणजे कागदावर शंभर हेक्टरचं एक पाणी. पाटातली गळती धरून हा आकडा बराच खाली येतो, तरी पाळीनं काय साधलं ते यातून दिसतं.

वाटप बांधीतून बांधीत होतं, प्रत्येक शेताला वेगळा पाट नसतो. जमीन वाचते, पण शेवटच्या बांधीवाल्याला वाट पाहावी लागते आणि वरच्यानं टाकलेलं खत खालच्याकडं वाहून जातं. म्हणून एका पाटाखालच्या शेतकऱ्यांनी एकाच मुदतीचं धान लावायचं असतं. एकाचं हलकं, म्हणजे लवकर येणारं, आणि शेजाऱ्याचं जड, म्हणजे उशिरा येणारं, असेल, तर एकाला कापणीसाठी कोरडी बांधी हवी तेव्हाच दुसऱ्याला पाणी हवं असतं.

पाटलांचं पुढं काय झालं, हेही लोक विचारतात. नागपूरकर भोसल्यांचं राज्य गेलं, 1854 पासून इंग्रज आले, त्यांनी गावं मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करून भरणाऱ्या जमीनदारांच्या, नावे केली. तलाव मालगुजाराचा झाला, पण पाळीवर माती टाकायला गाव येत राहिलं. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून यांचं सरकारी नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक आहेत. मालगुजारी जाणं न्यायाचंच होतं. पण पाणी मोजून देणारा, खुंटी काढणारा, उन्हाळ्यात फट बुजवणारा माणूस कोण, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ती जागा रिकामी राहिली, आणि मामा तलावांच्या आजच्या दुखण्यांपैकी निम्मी तिथून सुरू होतात.

उरलेली निम्मी तलावाच्या पोटातली. ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या इथं मासेमारी करतो, आणि कोणतं पाणगवत कोणत्या खोलीवर येतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. उथळ काठावर देवधान येतं. हे रानचं धान, उपासाला चालतं. थोडं आत कमळाची पानं तरंगतात, त्याहून आत पूर्ण बुडून राहणाऱ्या वनस्पती. मरळ, मागूर, शिंगी हे मासे या गवताच्या आडोशानं वाढतात, हिवाळ्यात येणारी बदकं त्यावरच जगतात. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, आणि त्यांनाही असे उथळ काठ आणि धानाच्या बांध्याच लागतात. काठ बेशरमी या माजणाऱ्या झुडपानं व्यापला की हे सगळं जातं. बेशरमी कापून भागत नाही, कारण तुटलेली कांडी ओल्या मातीत पुन्हा रुजते. ती मुळासकट उपटून, पाण्यापासून दूर नेऊन वाळवावी लागते. मग मे महिन्यात काठाची कोरडी पट्टी नांगरायची, पहिल्या पावसानंतर चांगल्या तलावातून आणलेली देवधानाची आणि इतर पाणगवतांची रोपं चिखलात लावायची, आणि मुळं धरेपर्यंत तिथं जनावरं जाऊ द्यायची नाहीत.

गाळ काढण्याबद्दलही सांगायला हवं, कारण चांगल्या हेतूनं सर्वांत जास्त नुकसान इथं होतं. गाळ शेतात नेणं उत्तमच, सिहार किंवा खरडी अशा हलक्या जमिनीला तर तो फारच मानवतो. पण यंत्र लावून सगळं तळ सारखंच खोल केलं तर उथळ काठ संपतो आणि त्यासोबत गवत, अंडी, पिल्लं संपतात. आणि पाळीच्या पायथ्याशी तर खणूच नये. तिथं तीनशे वर्षांत बसलेला चिकणमातीचा थर हीच तलावाची बुडाची लिंपण आहे. ती फोडली की पाणी पाळीखालून निघून जातं.

जंगलाबद्दल विचारणाऱ्यांसाठी : राष्ट्रीय उद्यान 1975 मध्ये जाहीर झालं, आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये. उद्यान तलावाच्या नावानं ओळखलं जातं, ते योग्यच आहे. तलावाच्या पाणलोटातलं हे जंगल टिकून आहे म्हणून येणारं पाणी कमी गाळ आणतं.

यायचं असेल तर पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी बरे. पण तलाव बांधला कसा हे बघायचं असेल तर पाऊस भरपूर झाल्यावर, सप्टेंबरच्या मध्यात या. पाळीवर उभं राहून आधी पाण्याकडं पाठ करा. खाली बांध्या पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या दिसतील, आणि प्रत्येक पायरी आपल्या वरच्या पायरीकडून पाणी घेताना दिसेल. मग वळून टेकड्या मोजा, आणि दोन टेकड्यांमध्ये जिथं झाडोऱ्याची रेघ एकदम सपाट होते ती जागा शोधा. कोलू पाटलाची पाळ तीच.