लाल-हिरव्या चादरीचे कृष्णधवल रूप : ग्रेडियंट मॅपचा माझा अनुभव

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेची आतली पाने एकाच, काळ्या शाईत छापायचे ठरले आणि त्या पानांवरच्या छायाचित्रांची जबाबदारी माझ्याकडे आली. मूळ छायाचित्रे सगळी रंगीत होती आणि ती दोन प्रकारची होती. काही सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर घेतलेली होती; त्यांत जेकार्डवर (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर) उतरणारी चादर आणि तिची लाल-हिरवी नक्षी होती. बाकीची जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची होती. त्यांत पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा अंगरखा) घातलेले मानकरी भर उन्हात नंदीध्वजाच्या उंच काठ्या पेलून चालले होते. रंग काढून टाकणे हे संगणकावर क्षणाचे काम आहे. रंग गेल्यावर चादरीची नक्षी नक्षी म्हणून उरावी आणि बाराबंदीच्या चुण्या दिसत राहाव्यात, हे मात्र क्षणात होत नाही आणि या कामातले माझे बहुतेक लक्ष त्याकडेच लागले.

फोटोशॉपमध्ये यासाठी अनेक मार्ग आहेत. डीसॅच्युरेट हा सर्वांत झटपट मार्ग, पण त्याचा हिशेब अगदी ढोबळ आहे. प्रत्येक बिंदूचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांत मांडलेला असतो. त्यांपैकी सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घेऊन तो त्यांची सरासरी काढतो. त्यामुळे शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा हे तिन्ही रंग एकाच करड्या छटेत, १२८ च्या आसपास (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा) येऊन थांबतात. आपल्या डोळ्यांना हिरवा उजळ आणि निळा गडद भासतो, याची त्या हिशेबात कुठेच नोंद नसते. म्हणून मी ग्रेडियंट मॅपकडे वळले. तो प्रत्येक बिंदूची उजळता मोजतो आणि ती मोजताना हिरव्याला साधारण ५९ टक्के, लालला ३० टक्के आणि निळ्याला ११ टक्के वजन देतो. त्या उजळतेनुसार तो काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्टीवरची छटा उचलून तिथे बसवतो. शुद्ध लाल ७६ वर, हिरवा १५० वर आणि निळा २९ वर, असे तीन वेगळे करडे यातून मिळतात आणि एकूण चित्र डोळ्याला पटते.

कृती सोपी आहे. कीबोर्डवरील डी हे अक्षर दाबून पुढचा रंग काळा आणि मागचा पांढरा करून घ्यावा आणि लेयर मेनूतून ग्रेडियंट मॅपचा अ‍ॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे मूळ चित्रावर बसणारा बदलाचा थर, चढवावा. हे दोन रंग उलटे असतील तर चित्र निगेटिव्हसारखे दिसते. तेव्हा रिव्हर्सच्या चौकटीत खूण केली की झाले. मूळ छायाचित्राला यात धक्का लागत नाही. फोटोशॉप ज्यांच्याकडे नाही त्यांना जिंप या मोफत प्रणालीतही रंगांच्या मेनूत हीच सोय मिळते.

यात्रेची चित्रे या पहिल्याच पायरीवर बरीचशी जमली. चादरीचे चित्र मात्र सपाट झाले. नक्षीतली लाल फुले आणि त्यांच्यामागची हिरवी जमीन एकमेकांत मिसळून गेली आणि कापडावर काही विणले आहे हेच कळेना. कारण शोधण्यासाठी मी दोन्ही रंगांचे आकडे पाहिले. लाल जागी लाल २००, हिरवा ४० आणि निळा ५० होता. हिरव्या जागी हेच आकडे ४०, १२० आणि ६० असे होते. वजने लावून गुणाकार केला तर दोन्हींची बेरीज ८९ येते. म्हणजे ग्रेडियंट मॅपने त्याचा हिशेब चोख केला होता. दोन रंग कितीही वेगळे असले तरी त्यांची उजळता एक असेल, तर त्याच्या लेखी ते एकच आहेत. विशेष म्हणजे ज्या डीसॅच्युरेटला मी बाजूला ठेवले होते त्यानेच या दोन रंगांना १२० आणि ८० असे दूर ठेवले असते, पण त्याने इतर रंगांचा तोल बिघडवला असता. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तिची ओळख तिच्या नक्षीत आहे. ती नक्षीच दिसणार नसेल तर ते चित्र छापण्यात काही अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत होते.

उपाय ग्रेडियंट मॅपमध्ये नव्हता, त्याच्या खाली होता. रंगांमधला भेद उजळतेच्या भेदात बदलण्याचे काम ग्रेडियंट मॅपपर्यंत पोहोचण्याआधीच व्हायला हवे. त्यासाठी मी मूळ चित्र आणि ग्रेडियंट मॅप यांच्यामध्ये ब्लॅक अँड व्हाइट नावाचा लेयर घातला. त्यात लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा आणि किरमिजी अशा सहा रंगांच्या सहा पट्ट्या असतात आणि प्रत्येक रंग किती उजळ किंवा गडद व्हावा हे आपण स्वतंत्रपणे ठरवू शकतो. या लेयरच्या मूळ मांडणीत लाल आणि हिरवा दोन्ही ४० वरच असतात, त्यामुळे नुसता लेयर घालून आपल्या चादरीचे भले होत नाही. मी लाल पट्टी ६५ च्या पुढे नेली आणि हिरवी २५ च्या खाली आणली, तशी गडद जमिनीवर फुले वर उठून आली. नीट पाहिले तर फुलाच्या कडेला लाल आणि हिरवे सूत जिथे एकमेकांत गुंतते, तिथली पायऱ्यापायऱ्यांची रेषासुद्धा दिसू लागली. जेकार्डचे विणकाम ओळखू येते ते याच रेषेवरून. पट्ट्या फार ताणल्या तर रंगांच्या सीमेवर दाणे आणि पांढुरक्या कडा दिसू लागतात, म्हणून चित्र शंभर टक्के आकारात पाहूनच थांबायचे ठिकाण ठरवावे.

बाराबंदीचा प्रश्न वेगळा होता, कारण तिथे रंगच नव्हता. पांढऱ्यावर पांढरे होते. तिथे ग्रेडियंटची पट्टी उघडून तिच्यात मध्ये थांबे, म्हणजे ठरावीक जागी ठरावीक छटा, देता येतात, ही सोय कामाला आली. पट्टीवर ८५ टक्क्यांच्या जागी साधारण २१७ ची छटा असते. तिथे मी १९५ ची छटा ठेवली. त्यामुळे उजळ भागाला अधिक छटा मिळाल्या आणि खांद्यावरच्या चुण्या, बांधलेले बंद आणि उन्हाची बाजू वेगवेगळी दिसू लागली. मात्र याने मधल्या छटाही खाली ओढल्या जातात आणि मानकऱ्यांचे चेहरे काळवंडतात. म्हणून ५० टक्क्यांच्या जागी १२५ चा आणखी एक थांबा देऊन चेहरे जागच्या जागी धरून ठेवले. हे काम छटांची रेषा वाकवणाऱ्या कर्व्ह्ज या सोयीनेही होते. पण थांब्यांमध्ये कोणती छटा कुठे बसली हे एका दृष्टिक्षेपात कळते, म्हणून मला ही पद्धत अधिक आवडते. यात्रेच्या चित्रांतल्या तलावावरच्या आकाशात पट्टे उमटू नयेत म्हणून छटांच्या सीमा बारीक दाण्यांनी मिसळणाऱ्या डिदरची खूण केली आणि चित्र १६ बिटांत, म्हणजे अधिक बारीक छटांत, ठेवले.

आता छपाई. आतली पाने मॅपलिथो या बिनचकाकीच्या कागदावर जाणार होती. प्रेसमधल्या अनुभवी कारागिरांनी नमुना पाहताच सांगितले, “मॅडम, एकदम काळं देऊ नका. ह्या कागदावर शाई पसरतीय बघा, सगळं बुजून जातंय.” त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे. गुळगुळीत आर्ट पेपरच्या तुलनेत मॅपलिथो शाई जास्त शोषतो, छपाईचा ठिपका फुगतो आणि गडद छटा एकमेकींत मिसळतात. ग्रेडियंटची दोन्ही टोके बदलण्याची मुभा असल्यामुळे काळ्या टोकाला मी ० ऐवजी २० आणि पांढऱ्या टोकाला २५५ ऐवजी २४५ ठेवले. त्यामुळे अंधाऱ्या मागाखालचा भाग उघडा राहिला आणि बाराबंदीच्या सर्वांत उजळ जागीही कोरा कागद न राहता शाईचा बारीक ठिपका पडला.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगते. ग्रेडियंट मॅप लावलेले चित्र दिसायला कृष्णधवल असले तरी ती फाइल रंगीतच असते. ती तशीच प्रेसकडे गेली आणि चार रंगांत रूपांतरित झाली, तर करड्या छटा चार शायांतून तयार होतात आणि चित्रावर हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते. म्हणून लेयर एकत्र करून, मोड ग्रेस्केल (फक्त करड्या छटांचा) करून टिफ फाइल वेगळी जतन केली आणि लेयर असलेली मूळ फाइल निराळी ठेवली.

मोबाइलवर पाठवायच्या प्रतीसाठी हीच लेयरची फाइल पुन्हा उघडली. पडद्यावर शाई पसरण्याचा प्रश्न नसतो, म्हणून टोके पुन्हा ताणली आणि काळ्याऐवजी किंचित निळसर काळा व पांढऱ्याऐवजी फिकट सायीचा रंग दिला. चादरीला ही ऊब शोभली. यात्रेच्या चित्रांत मात्र बाराबंदी पिवळट दिसू लागली, तेव्हा तिथे शुद्ध काळा आणि शुद्ध पांढराच कायम ठेवला.